चालण्याच्या फिजिओथेरपीचं अमेरिकन बिलिंग: नव्याने कामाला बसणाऱ्यांसाठी

पुण्यात किंवा नवी मुंबईत अमेरिकन मेडिकल बिलिंगच्या कंपनीत तुमची निवड झाली, ट्रेनिंग संपलं आणि वाट्याला फिजिओथेरपीची क्लिनिकं आली, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी फिजिओथेरपीची पदवी घेतली, वर्षभर एका ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे काम केलं आणि मग रात्रपाळीच्या या कामात आले. गुडघा बदललेल्या, पक्षाघातातून सावरणाऱ्या, पार्किन्सन्समुळे पाय अडखळणाऱ्या माणसाला पुन्हा चालतं कसं करायचं हे मला येत होतं. त्याचं बिल बिनचूक करायला शिकायला मात्र सहा महिने लागले. ते सहा महिने तुमचे वाचावेत म्हणून लिहिते आहे.

एक सूचना आधीच. इथे कोड देवनागरीत लिहिले आहेत. सिस्टिममध्ये ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाकायचे. आर२६.२ मधला ‘आर’ म्हणजे रोमन लिपीतला आर.

हाताशी काय हवं

क्लिनिककडून यायला हवीत ती कागदपत्रं: विमा कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत, डॉक्टरांचा रेफरल किंवा ऑर्डर, पहिल्या तपासणीची नोंद म्हणजे इव्हॅल्युएशन, प्लॅन ऑफ केअर म्हणजे उपचाराचा आराखडा, प्रत्येक भेटीची नोट, प्रोग्रेस रिपोर्ट आणि ऑथरायझेशन म्हणजे विमा कंपनीची आगाऊ मंजुरी असेल तर तिचं पत्र. यातला एखादा कागद नसेल तर काम सुरू करण्याआधी मागा. डिनायल आल्यावर, म्हणजे विमा कंपनीने क्लेम नाकारल्यावर, मागितलेला कागद मिळेपर्यंत महिना उलटतो.

तुमच्या टेबलावर हवं ते: चालू वर्षाचं सीपीटी म्हणजे उपचारांच्या कोडचं पुस्तक किंवा कंपनीचं एन्कोडर (कोड शोधायचं) सॉफ्टवेअर, चालू वर्षाची आयसीडी-१०-सीएम म्हणजे निदानांच्या कोडची सूची, कोणते कोड एकत्र चालत नाहीत ते सांगणारे एनसीसीआयचे तक्ते आणि विमा कंपन्यांच्या पोर्टलचे लॉगिन. सीपीटी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मालकीचं आहे, त्याला पैसे पडतात. आयसीडीची सूची आणि एनसीसीआयचे तक्ते सरकारी संकेतस्थळांवर फुकट मिळतात. आयसीडीचं वर्ष १ ऑक्टोबरला बदलतं आणि सीपीटीचं १ जानेवारीला. या दोन तारखा भिंतीवर लावून ठेवा. मोबाइल फ्लोअरवर नेता येत नाही आणि पेशंटचं नाव कागदावर लिहायचं नाही. १९९६ च्या हिपा कायद्यामुळे हे नियम आहेत, ते मनापासून पाळा. तुमच्यासमोर कुणाच्या तरी आजारपणाची खासगी माहिती असते.

१. पैसे कोण देणार ते आधी ओळखा

एकाच उपचाराचं बिल विमा कोणाचा आहे त्यावर वेगळं होतं, म्हणून नोट उघडण्याआधी विमा बघा.

चालण्याच्या पुनर्वसनाला येणारे बरेच पेशंट पासष्टीच्या पुढचे असतात, त्यामुळे मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, सतत समोर येतं. पण मेडिकेअर दोन तऱ्हेचं आहे. मूळ मेडिकेअर सरकार चालवतं. क्लिनिकमधल्या थेरपीचा खर्च त्याच्या पार्ट बी मधून निघतो आणि डिडक्टिबल (विम्याचे पैसे सुरू होण्याआधी पेशंटने स्वतः भरायची रक्कम) भरून झाल्यावर मंजूर रकमेचे २० टक्के पेशंटकडे राहतात. मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज ही खासगी कंपन्यांनी चालवलेली योजना आहे. तिथे पुष्कळदा आधी ऑथरायझेशन लागतं. नवखी मुलं लाल-पांढऱ्या-निळ्या सरकारी कार्डाची प्रत बघतात आणि क्लेम थेट सरकारी मेडिकेअरला पाठवतात. पेशंट अ‍ॅडव्हान्टेजमध्ये गेलेला असतो, जुनं कार्ड पाकिटात तसंच राहिलेलं असतं. मग नकाराचा कोड सीओ-१०९ येतो: हा क्लेम आमचा नाही.

सरकारी कार्डावरचा नंबर ११ चिन्हांचा असतो. त्यात एस, एल, ओ, आय, बी, झेड ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती आकड्यांसारखी दिसतात. गोल दिसलं तर तो शून्यच असतो.

याशिवाय नोकरदारांचे खासगी विमे, कामावर झालेल्या दुखापतीचा वर्कर्स कॉम्प आणि गाडीच्या अपघाताचा विमा. इव्हॅल्युएशनमध्ये ‘कामावर शिडीवरून पडले’ असं लिहिलं असेल आणि विमा घरचा लावला असेल, तर तिथेच थांबा आणि विचारा.

२. पात्रता तपासताना हे प्रश्न सोडू नका

पॉलिसी चालू आहे एवढं बघून पुढे जाणारे पुष्कळ आहेत. थेरपीसाठी तेवढ्याने भागत नाही. पोर्टलवर किंवा फोनवर एवढं विचाराच:

- वर्षाला किती भेटी चालतात आणि त्यातल्या किती झाल्या?
- ती मर्यादा फिजिओथेरपीची एकटीची आहे की ऑक्युपेशनल आणि स्पीच थेरपी धरून?
- वर्ष जानेवारीपासून मोजतात की पॉलिसीच्या तारखेपासून?
- ऑथरायझेशन लागतं का? लागत असेल तर भेटींवर मिळतं, युनिटवर (बिलात वेळ मोजायच्या मापावर) मिळतं की तारखांवर?
- डिडक्टिबल किती बाकी आहे, को-पे (दर भेटीला पेशंटने द्यायची ठरलेली रक्कम) किती?

फोनवरचं उत्तर, बोलणाऱ्याचं नाव आणि कॉलचा रेफरन्स नंबर त्याच मिनिटाला सिस्टिममध्ये लिहा. शिफ्ट संपल्यावर लिहू म्हटलं की राहून जातं.

आता या विषयातला सगळ्यात महागडा खड्डा. गुडघा किंवा खुबा बदलल्यावर पेशंट घरी जातो आणि पहिले काही आठवडे होम हेल्थची माणसं घरी येऊन व्यायाम करून घेतात. नंतर तो क्लिनिकमध्ये यायला लागतो. होम हेल्थ संस्थेने त्याला कागदोपत्री डिस्चार्ज दिलेला नसेल, तर मेडिकेअरच्या हिशेबी तो अजून त्यांच्याच ताब्यात असतो आणि थेरपीचे पैसे त्या संस्थेच्या रकमेतच धरलेले असतात. क्लिनिकचा क्लेम नाकारला जातो. माझ्या एका क्लिनिकच्या बाबतीत हेच झालं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई, डावा गुडघा, नऊ भेटी, सगळ्या परत आल्या. थेरपिस्टने काम चोख केलं होतं, बाई काठी सोडून चालायला लागल्या होत्या आणि क्लिनिकला त्या पैशांवर पाणी सोडावं लागलं. पात्रतेच्या उत्तरात होम हेल्थच्या सुरू-शेवटच्या तारखा दिसतात. शस्त्रक्रियेनंतरचा मेडिकेअर पेशंट असेल तर त्या तारखा पहिल्या भेटीआधी बघायच्याच आणि शेवटची तारीख रिकामी असेल तर क्लिनिकला लगेच कळवायचं.

३. नोट वाचा: चालवणं आणि चालायला शिकवणं

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढा भाग वाचा.

चालण्याच्या प्रशिक्षणाचा कोड ९७११६. सीपीटीत त्याचं नाव गेट ट्रेनिंग, जिने चढणं-उतरणं त्यातच धरलेलं, दर १५ मिनिटांना एक युनिट. विमा कंपनी पैसे देते ते थेरपिस्टच्या कौशल्याचे. पेशंट किती चालला याचे नव्हे.

दोन नोटी बघा. पहिली:

‘रोलिंग वॉकर घेऊन १५० फूट चालवलं, स्टँडबाय असिस्ट, काही त्रास नाही. १५ मिनिटं.’

दुसरी:

‘रोलिंग वॉकर घेऊन ७५ फूट, दोन फेऱ्या. डाव्या पायावर भार कमी वेळ टिकतो, टाच आधी टेकत नाही. टाच आधी टेकवण्यासाठी आणि गुडघा पूर्ण सरळ करण्यासाठी तोंडी व स्पर्शाने सूचना, मिनिमल असिस्ट. दुसऱ्या फेरीत पावलांची लांबी सारखी, सूचना निम्म्यावर आल्या. नंतर कठडा धरून चार पायऱ्या, चढताना उजवा पाय आधी, उतरताना डावा. १८ मिनिटं.’

स्टँडबाय असिस्ट म्हणजे हात न लावता जवळ उभं राहणं, मिनिमल असिस्ट म्हणजे थोडासा आधार देणं. दुसऱ्या नोटेत चालण्यातला दोष दिसतो, थेरपिस्टने काय केलं ते दिसतं आणि पेशंटने काय उचललं तेही दिसतं. ती ९७११६ आहे. पहिल्या नोटेतलं काम घरातल्या कुणीही केलं असतं. सोबतीला कुणीतरी चालत होतं, एवढंच त्यातून कळतं. त्यावर ९७११६ लावला आणि ऑडिट झालं तर दिलेले पैसे परत घेतले जातात.

मी इथेच चुकले होते. फिजिओ असल्यामुळे पहिली नोट वाचली की त्या हॉलमध्ये काय घडलं असेल ते मला दिसायचं. वॉकर आहे म्हणजे तोल शिकवला असेल, स्टँडबाय आहे म्हणजे नजर ठेवली असेल. मी नोटेत नसलेलं मनाने भरत गेले. पहिल्या ऑडिटमध्ये माझ्या तीस चार्टपैकी अकरा परत आले. ऑडिटर मॅडमनी शेजारी बसवून एकच प्रश्न विचारला, ‘हे कुठल्या ओळीत लिहिलंय?’ अकराही वेळा माझ्याकडे दाखवायला ओळ नव्हती. तुम्ही फिजिओ असाल तर ही सवय आजच मोडा. कॉमर्स किंवा सायन्समधून आला असाल तर तुमची अडचण उलटी असते, चालण्यातले दोष ओळखू येत नाहीत. त्यासाठी एवढे शब्द पाठ करा: फूट ड्रॉप म्हणजे पाऊल वर उचललं न जाणं, सर्कमडक्शन म्हणजे पाय बाहेरून फिरवून पुढे टाकणं, ट्रेंडेलेनबर्ग म्हणजे एका पायावर उभं राहताना दुसऱ्या बाजूचा खुबा खाली झुकणं, अँटाल्जिक म्हणजे दुखऱ्या पायावरून लवकर भार काढून घेणारी लंगडती चाल.

मोजमापांचीही ओळख ठेवा. टाइम्ड अप अँड गो म्हणजे खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत येऊन बसायला लागणारा वेळ. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. बर्ग बॅलन्स स्केल ५६ गुणांचं. सहा मिनिटांची चालण्याची चाचणी आणि दहा मीटरची चाचणीही वारंवार दिसेल. हे आकडे सुधारत असतील तर पुढे अपीलमध्ये तेच कामी येतात.

नोट अपुरी असेल तर क्लिनिकला क्वेरी पाठवा. क्वेरीत उत्तर सुचवायचं नाही. ‘हे गेट ट्रेनिंगच होतं ना?’ असं विचारू नका. ‘या १५ मिनिटांत थेरपिस्टने नेमकं कोणतं कौशल्य वापरलं ते नोंदीत दिसत नाही, कृपया स्पष्ट करावं’ असं विचारा. थेरपिस्टने भर घातली तर ती त्या दिवसाच्या तारखेची आणि सहीची हवी, जुन्या नोटेत मागच्या तारखेने घुसवलेली नको.

४. निदानाचे कोड

चालण्याच्या तक्रारीचे कोड आर२६ या घरात आहेत. आर२६.० अटॅक्सिक (समन्वय नसलेली) चाल, आर२६.१ पॅरालिटिक (लकव्याची) चाल, आर२६.२ चालायला अडचण, आर२६.८१ पायांवर स्थिर नसणं, आर२६.८९ चालण्यातले इतर दोष. आर२६.९ म्हणजे ‘अनिर्दिष्ट’. तो टाळा, त्याने वैद्यकीय गरज सिद्ध होत नाही. वारंवार पडणं आर२९.६, पूर्वी पडल्याचा इतिहास झेड९१.८१.

आर२६ हे लक्षण आहे. ते कशामुळे, हे सांगणारा कोड त्याच्या आधी हवा. तिथे चार ठिकाणी हमखास पाय घसरतो.

गुडघा बदलल्यावर: पहिला कोड झेड४७.१, म्हणजे सांधा बदलल्यानंतरची काळजी. त्याच्यासोबत कोणता सांधा ते सांगणारा कोड: उजवा गुडघा झेड९६.६५१, डावा झेड९६.६५२, दोन्ही झेड९६.६५३. मग आर२६ मधला. रेफरलवर अजून ऑस्टिओआर्थरायटिस लिहिलेला असतो आणि नवखे त्या गुडघ्याला एम१७ लावतात. तो झिजलेला सांधा शस्त्रक्रियेत काढून टाकला, त्याचा आजार आता उरला नाही.

फ्रॅक्चरनंतर: इथे झेड४७.१ ची मालिका चालत नाही. मूळ फ्रॅक्चरचाच कोड, सातव्या जागी ‘डी’. उदाहरणार्थ उजव्या मांडीच्या हाडाच्या मानेचं बंद फ्रॅक्चर, नीट भरून येत असलेलं: एस७२.००१डी. सातव्या जागी ‘ए’ लावला तर तो प्रत्यक्ष फ्रॅक्चरवरच्या उपचारांचा होतो.

पक्षाघातानंतर: आय६३ हा झटका आला त्या वेळचा कोड. नंतरच्या थेरपीला आय६९. मेंदूतला रक्तपुरवठा तुटल्याने झालेल्या अर्धांगासाठी आय६९.३५ आणि पुढे बाजू. इथे पेशंट उजवा की डावखुरा हे लागतं. नोटेत नसेल तर नियम ठरलेला आहे: उजवी बाजू लुळी असेल तर ती प्रधान धरा, डावी असेल तर अप्रधान. म्हणजे डाव्या बाजूला बहुतेक वेळा आय६९.३५४ येतो.

पार्किन्सन्स: नुसता जी२० आता चालत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्याचे तुकडे झाले. डिस्कायनेशिया (आपोआप होणाऱ्या, ताब्यात नसलेल्या हालचाली) आहे का आणि औषधाच्या परिणामात चढउतार होतात का, यावर जी२०.ए१, जी२०.ए२, जी२०.बी१, जी२०.बी२ किंवा जी२०.सी. नोटेत पार्किन्सन्स लिहून दोन्हींबद्दल काहीच नसेल तर जी२०.ए१. नुसतं ‘पार्किन्सनिझम’ लिहिलं असेल तर जी२०.सी.

५. उपचाराचे कोड: ९७११६ चे शेजारी

पहिल्या भेटीचं इव्हॅल्युएशन गुंतागुंतीप्रमाणे ९७१६१, ९७१६२ किंवा ९७१६३, पुन्हा केलेलं ९७१६४. यांना मिनिटांचा हिशेब नाही, कितीही वेळ लागला तरी एक युनिट. ताकद आणि हालचालीचे व्यायाम ९७११०. तोल आणि स्नायूंचा समन्वय ९७११२. हाताने केलेला उपचार ९७१४०. खुर्चीतून उठणं, वळून वस्तू घेणं अशा रोजच्या क्रिया ९७५३०. कृत्रिम पाय लावून शिकवणं ९७७६१, पायाच्या पट्ट्याचं पहिलं बसवणं आणि प्रशिक्षण ९७७६०.

ट्रेडमिलवर चालवलं की आपोआप ९७११६ होत नाही. दमसास वाढवायला चालवलं असेल तर ते व्यायामात जातं. चाल सुधारायला सूचना देत चालवलं असेल तर गेट ट्रेनिंग. आणि नुसतं यंत्र सुरू करून थेरपिस्ट दुसऱ्या पेशंटकडे गेला असेल तर त्या वेळाचं बिलच नाही. ९७११६ ला थेरपिस्ट आणि पेशंट समोरासमोर, एकास एक हवेत. एकाच वेळी दोघांना पॅरलल बारमध्ये घेतलं असेल तर प्रत्येकाला गटाचा ९७१५० लागतो, एक युनिट. मदतनीसाने चालवलेला वेळ मेडिकेअरमध्ये मोजतच नाहीत.

६. मिनिटांची युनिटं करताना

मेडिकेअरमध्ये आठ मिनिटांचा नियम. वेळेवर चालणाऱ्या सगळ्या कोडची मिनिटं एकत्र मिळवायची आणि मग बघायचं: ८ ते २२ ला १ युनिट, २३ ते ३७ ला २, ३८ ते ५२ ला ३, ५३ ते ६७ ला ४. बऱ्याच खासगी विम्यांमध्ये सीपीटीचा नियम चालतो, तिथे प्रत्येक कोड आपला आपण उभा राहतो आणि स्वतःची निदान ८ मिनिटं नसतील तर त्याला युनिट नाही.

वरच्या दुसऱ्या नोटेच्या भेटीचाच हिशेब करू. ९७११६ ची १८ मिनिटं, ९७११० ची १५, ९७१४० ची ७.

मेडिकेअर: एकूण ४०, म्हणजे ३ युनिटं. आधी पूर्ण पंधरा-पंधरा वेगळी काढा. ९७११६ चं एक, ९७११० चं एक. उरलं काय? ९७११६ ची ३ आणि ९७१४० ची ७. तिसरं युनिट ज्याची शिल्लक जास्त त्याला, म्हणजे ९७१४० ला. तिन्ही कोडना एकेक.

सीपीटीचा नियम: ९७११६ ला एक, ९७११० ला एक, ९७१४० ची सातच मिनिटं म्हणून काही नाही. दोन युनिटं.

एकच भेट, एकच नोट, विमा बदलला की एक युनिट गेलं. म्हणून पहिली पायरी पहिली ठेवली आहे. आणि उरलेली ३ व ७ मिनिटं मिळून ‘१० मिनिटं गेट ट्रेनिंग’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, मिनिटं नोटेत जशी आहेत तशीच राहतात. नोटेत वेळेच्या कोडची एकूण मिनिटं आणि भेटीची एकूण मिनिटं हे दोन्ही आकडे हवेत. ते नसतील तर क्वेरी.

७. मॉडिफायर

मॉडिफायर म्हणजे कोडला जोडायची दोन चिन्हं, उपचाराबद्दल जादा माहिती देणारी.

जीपी: हा उपचार फिजिओथेरपीच्या प्लॅनखाली झाला. मेडिकेअरला प्रत्येक ओळीवर लागतो, काही खासगी कंपन्यांनाही लागतो. विसरलात तर सीओ-४.

केएक्स: मेडिकेअरमध्ये फिजिओ आणि स्पीच थेरपी मिळून वर्षाचा एक उंबरठा असतो. २०२४ ला तो २,३३० डॉलर होता, २०२५ ला २,४१०. दर जानेवारीत नवा आकडा बघा. मंजूर रक्कम त्याच्या पुढे गेली की केएक्स लावायचा. त्याचा अर्थ, पुढची थेरपी गरजेची आहे आणि त्याचे पुरावे नोंदीत आहेत, असं क्लिनिक लिहून देतं. उंबरठा सगळ्या क्लिनिकचा मिळून असतो. मार्चमध्ये दुसरीकडे खांद्याची थेरपी झाली असेल तर तीही त्यात मोजलेली असते. पहिल्या भेटीपासून सगळ्यांनाच केएक्स लावून टाकण्याची सवय कुठे दिसली तर तिच्या वाटेला जाऊ नका. ३,००० डॉलरच्या पुढे नोंदी तपासायला मागवल्या जाऊ शकतात.

सीक्यू: उपचार पूर्ण किंवा काही अंशी फिजिओथेरपिस्ट असिस्टंटने दिला असेल तर जीपीच्या जोडीला. असिस्टंटने एकट्याने दिलेला भाग १० टक्क्यांहून जास्त असेल तर तो लागतो आणि १ जानेवारी २०२२ पासून अशा ओळीचे ८५ टक्केच पैसे मिळतात. नोटेखाली कुणाच्या सह्या आहेत ते म्हणून नीट बघा.

५९: एनसीसीआयच्या तक्त्यात दोन कोड एकत्र चालत नसतील, पण ते वेगवेगळ्या वेळी दिले असतील तर. तक्ता दर तिमाहीला बदलतो. २०२० च्या सुरुवातीला थेरपीच्या कितीतरी जोड्यांवर बंधनं आली, थेरपिस्टांच्या संघटनांनी आवाज उठवला आणि काही आठवड्यांत सीएमएसने (मेडिकेअर चालवणारी सरकारी संस्था) त्यातली पुष्कळ मागे घेतली. त्यामुळे कोणत्या जोडीला ५९ लागतो हे सीनियरच्या तोंडून ऐकून पाठ करू नका, चालू तिमाहीच्या तक्त्यात बघा. आणि ‘१०:०० ते १०:१८ गेट ट्रेनिंग, १०:१८ ते १०:३३ क्रिया’ असा वेगळा वेळ नोटेत नसेल तर ५९ लावायचा नाही.

जुन्या व्हिडिओंमध्ये अजून एक गोष्ट शिकवतात, पेशंटच्या कार्यक्षमतेचे जी-कोड. ते २०१९ पासून बंद झाले. त्यावर वेळ घालवू नका.

८. क्लेम भरताना

खासगी क्लिनिकला सीएमएस-१५०० फॉर्म, हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागाला यूबी-०४ आणि रेव्हेन्यू कोड ०४२०. सीएमएस-१५०० मध्ये चौकट २१ ला बारा निदानं बसतात, पण प्रत्येक ओळीला चौकट २४ई मध्ये चारच जोडता येतात. ९७११६ च्या ओळीला आर२६ चं अक्षर जोडलेलं आहे ना, ते तपासा. ऑथरायझेशन नंबर चौकट २३ मध्ये, रेफर करणारे डॉक्टर १७ मध्ये.

मेडिकेअरला क्लेम सेवेच्या तारखेपासून १२ महिन्यांत. खासगी कंपन्यांची मुदत याहून पुष्कळ कमी असते, करारात बघा.

प्लॅन ऑफ केअरवर डॉक्टरांची सही ३० दिवसांत हवी आणि तो जास्तीत जास्त ९० दिवस चालतो. १ जानेवारी २०२५ पासून थोडी सवलत आली: डॉक्टरांची सही केलेली ऑर्डर फाइलमध्ये असेल आणि प्लॅन ३० दिवसांत त्यांच्याकडे पाठवल्याचा पुरावा असेल, तर पहिल्या वेळेपुरती सही नसली तरी चालते. पुरावा म्हणजे फॅक्सची पावती. ती जपून ठेवायला क्लिनिकला सांगा. प्रोग्रेस रिपोर्ट दर दहा उपचार-दिवसांत एकदा.

९. डिनायल आलं की

आधी बघा, क्लेम रिजेक्ट झाला आहे की डिनाय. सीओ-१६ सोबत एमए१३० आला तर मेडिकेअरने तो क्लेम तपासायलाच घेतलेला नाही. चूक दुरुस्त करून नवा पाठवा, तिथे अपील चालत नाही. खासगी कंपनीला दुरुस्त क्लेम पाठवताना चौकट २२ मध्ये ७ आणि जुना क्लेम नंबर टाका, नाहीतर तो सीओ-१८ म्हणजे डुप्लिकेट म्हणून परत येतो. सीओ-९७ आला तर एनसीसीआय बघा, सीओ-११९ आला तर भेटी संपल्या आहेत, सीओ-१९७ म्हणजे ऑथरायझेशन नाही, सीओ-२९ म्हणजे मुदत गेली. पीआरने सुरू होणारे कोड पेशंटच्या वाट्याचे. सीओ दिसत असताना पेशंटला बिल पाठवायचं नाही. तिकडे पेन्शनीवर राहणारं कुणी म्हातारं माणूस ते पाकीट उघडतं आणि घाबरून भरून टाकतं. असं एक बिल थांबवायला मी पाळी संपल्यावरही थांबले होते.

सीओ-५० म्हणजे वैद्यकीय गरज दिसत नाही. चालण्याच्या थेरपीत यावर खरी लढाई असते, खास करून पार्किन्सन्स किंवा मल्टिपल स्क्लेरोसिसच्या पेशंटची. नाकारताना कारण असं येतं की पेशंटमध्ये सुधारणा नाही. इथे हार मानू नका. जिमो विरुद्ध सिबेलियस या खटल्यात जानेवारी २०१३ ला तडजोड मंजूर झाली आणि मेडिकेअरला स्पष्ट करावं लागलं की सुधारणा होत नाही एवढ्याच कारणावरून थेरपी नाकारता येणार नाही. असलेली चाल टिकवायला किंवा ती ढासळण्याचा वेग कमी करायला थेरपिस्टचंच कौशल्य लागत असेल तर ती थेरपी मेडिकेअरमध्ये बसते.

अपीलची पहिली पायरी रीडिटर्मिनेशन म्हणजे फेरविचार, मुदत निकाल मिळाल्यापासून १२० दिवस, फॉर्म सीएमएस-२००२७. सोबत लावा: इव्हॅल्युएशन, सही असलेला प्लॅन, त्या काळातल्या सगळ्या नोटी, प्रोग्रेस रिपोर्ट आणि मोजमापांचा छोटा तक्ता, तारखेनुसार. पत्र एका पानाचं. ‘थेरपी आवश्यक होती’ असं नुसतं लिहू नका, नोटेतली ओळ आणि तिची तारीख लिहा: अमुक दिवशी वळताना पाय गोठले, थेरपिस्टने लयीच्या तालावर पाऊल टाकायला शिकवलं, दोन आठवड्यांनी टाइम्ड अप अँड गो १९ सेकंदांवरून १६ वर आला आणि पुढचे दोन महिने तिथेच टिकला. तो टिकला हेच सांगायचं आहे, म्हणून ती ओळ पत्राच्या वरच्या भागात घ्या. पाठवल्याची तारीख सिस्टिममध्ये टाका आणि साठ दिवसांनी चौकशी करायची आठवण लावा, कारण निकालाला साधारण तेवढे दिवस लागतात.